‘मला सजावटीतलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी



‘घर घेतलंय, नीटनेटकं, देखणं दिसावं असं वाटतं, पण मला सजावटीतलं काही कळत नाही.’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आज त्यावरच बोलावं म्हटलं. बोलणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले असतात, बंगळुरूला पहिला फ्लॅट घेतलेलं तरुण जोडपं असतं, माझ्यासारखे गणवेश उतरवलेले फौजी तर असतातच.

हे वाक्य म्हणून झालं की माणूस दोनांपैकी एक करतो. एक तर काहीच करत नाही. भिंती बिल्डरने दिल्या तशाच, छताला एक ट्यूबलाइट, सोफा भिंतीला चिकटवलेला आणि पाच वर्षं ‘बघू, दिवाळीनंतर’. नाहीतर घाबरून सगळं घर एखाद्या ठेकेदाराच्या हवाली करतो. त्याच्याकडे तयार पॅकेज असतं: फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे नक्षीची भिंत, चकचकीत लॅमिनेटची कपाटं. पहिल्या प्रकारात नुकसान फक्त मनाचं. दुसऱ्यात भविष्यनिर्वाह निधीतला चांगला मोठा घास जातो, आणि जे केलं ते भिंतीत, छतात ठोकून बसवलेलं असल्यामुळे बदलताही येत नाही. माझे एक ज्येष्ठ सहकारी सिकंदराबादला स्थायिक झाले. घर झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने बोलावलं. सगळं महाग, सगळं नवं. तासाभराने मला हळूच म्हणाले, ‘हॉटेलात उतरल्यासारखं वाटतं रे.’ आम्ही चहा प्यायलो तो शेवटी बेडरूममधल्या जुन्या वेताच्या खुर्च्यांवर बसून.

म्हणून पहिलं हे बघू, की ‘कळत नाही’ हे खरं आहे का.

तुम्ही इंदूरला असा, वडोदऱ्याला असा की दिल्लीला, मराठी घरात गणपती बसतो. त्याची आरास कोण करतं? तुम्हीच. त्या वेळी काय करता ते आठवा. आधी जागा ठरवता, आल्याबरोबर नजर जाईल अशी. मागे एक पडदा किंवा मखर, म्हणजे मूर्ती उठून दिसावी. दोन्ही बाजूंना समया, उंचीला सारख्या. उजेड मूर्तीवर, डोळ्यांवर नाही. आजूबाजूचा पसारा दहा दिवस हलवलेला. सजावटीच्या शाळेत पहिल्या सत्रात जे शिकवतात ते हेच: नजरेचं एक ठिकाण, त्याच्यामागे शांत पार्श्वभूमी, तोल, आणि योग्य जागी उजेड. तुम्ही हे दरवर्षी कोणालाही न विचारता करता. मग हॉलमध्ये टीव्ही, शोकेस, देवघर, मासळ्यांची पेटी आणि नातवाचं प्रमाणपत्र हे सगळं एकाच भिंतीवर एकमेकांशी भांडत का असतं?

रंगांचंही तेच. रंगाच्या कंपनीचं कार्ड हातात आलं की माणूस गडबडतो. पण आपल्या आया-मावश्यांकडे रंगांची जी नावं आहेत ती त्या कार्डात नाहीत. चिंतामणी, अंजिरी, आमसुली, श्रीखंडी, अबोली, मोरपंखी, कैरी. आमसुली आणि डाळिंबी यांतला फरक ज्या घरात लांबूनही ओळखतात, त्या घराला रंगातलं कळत नाही हे मी मानायला तयार नाही. अक्कल आहे, ती भिंतीपर्यंत आलेली नाही इतकंच.

आता फौजेचा अनुभव सांगतो, कारण तो इथे कामाचा आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही सतरा घरं बदलली. सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीचा रंग तुमच्या हातात नाही, लादी नाही, दारं-खिडक्या नाहीत. पलंग, टेबल, खुर्च्या एमईएसकडून मिळतात, त्या देशभर जवळपास एकाच घडणीच्या. म्हणजे शेजारच्याचं आणि तुमचं घर कागदावर तंतोतंत सारखं. तरीही ट्रक उतरल्यापासून तिसऱ्या दिवशी प्रत्येक घर वेगळं दिसायचं. काळ्या लोखंडी पेट्या, ज्यांवर नाव आणि युनिट रंगवलेलं असतं, त्या दोन-दोन जोडून वर गादी टाकायची, पलंगपोस घालायचा, की दिवाण तयार. पडदे, सतरंजी, दोन दिवे, आठ-दहा आवडीच्या वस्तू, आणि सामान कसं मांडलं ते. बस्स. घर वेगळं आणि आपलं दिसायला एवढंच लागत होतं. भिंत, छत, लादी, कपाटं यांना हातही न लावता.

यातून मी जो निष्कर्ष काढतो तो असा: घराचा बराचसा चेहरा हलवता येणाऱ्या गोष्टींतून येतो: मांडणी, उजेड, कापड आणि निवडक वस्तू. आत्मविश्वास नसलेल्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, कारण तिथे चुकलं तर परत फिरता येतं. दिवा या कोपऱ्यात नाही आवडला, त्या कोपऱ्यात ठेवा. फॉल्स सीलिंग नाही आवडलं तर? राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी असं आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, आणि बहुतेक फ्लॅट त्याच्या थोडेच वर असतात. त्यातली चार-सहा इंच उंची तुम्ही पैसे देऊन कमी करून घेता. वर पंखा खाली येतो तो वेगळाच. मोठ्या बंगल्यात ठीक आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मला ते कधीच पटलेलं नाही.

नव्या घरात गेल्यावर निदान महिनाभर काही ठोकू नका. आम्ही याला रेकी म्हणायचो. हल्ला करायच्या आधी जमीन बघायची. ऊन कुठून येतं, किती वाजता येतं, कुठे पडतं, याची एका कागदावर नोंद ठेवा. नागपूर-दिल्लीकडे पश्चिमेची खिडकी मे महिन्यात दुपारी भट्टी असते. त्या खिडकीसमोर रंगीत कापडाचा सोफा ठेवलात तर तो दोन वर्षांत विटतो. मुंबई, कोची, कोलकाता अशा दमट हवेत बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं की मागे बुरशी धरते; दोन-तीन इंच जागा सोडावी लागते. घरातली माणसं खरोखर कुठे बसतात तेही बघा. डायनिंग टेबल आणायचा हट्ट धरणारी बरीच कुटुंबं जेवतात मात्र टीव्हीसमोर. आजी घरात असतील तर त्यांच्या बसण्याची जागा जमिनीपासून अठरा-एकोणीस इंच हवी. हल्लीचे बसके सोफे पंधरा-सोळा इंचांवर असतात, त्यांतून उठताना गुडघ्यांची परीक्षा होते. हे सगळं कॅटलॉगात नसतं.

मग टेप घ्या आणि खोली मोजा. उदाहरणच घेऊ, हॉल दहा फूट बाय पंधरा फूट. शहरातल्या फ्लॅटमध्ये असा हॉल पुष्कळ दिसतो. लांबीच्या एका भिंतीला सोफा, समोर टीव्हीचं बैठं कपाट. रुंदी दहा फूट म्हणजे १२० इंच. सोफ्याची खोली ३६ इंच, टीव्हीच्या कपाटाची १६. उरले ६८. मधलं टेबल सोफ्यापासून १८ इंचांवर हवं, म्हणजे कप ठेवायला हात पोचतो आणि पाय अडकत नाहीत. टेबल २० इंच रुंदीचं घेतलं तर पलीकडे ३० इंचांची वाट उरते. एक माणूस आरामात जातो. आता याच जागी कोणी ३० इंची टेबल आणलं तर वाट २० इंचांची होते, आणि रोज कोणीतरी नडगी आपटतं. आणि इंग्रजी एल आकाराचा सोफा? या हॉलमध्ये तो आला की दुसरं काही येत नाही. दुकानाच्या चार हजार फुटांत तो छोटा दिसतो, म्हणून आपण फसतो. विकत घ्यायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर सोफ्याच्या मापाने अंथरा, कडेला चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. फुकटची तालीम आहे, आणि याहून चांगला सल्लागार मला अजून भेटलेला नाही.

सोफा भिंतीला अगदी चिकटवू नका, चार बोटं पुढे ओढा. मागून हवा खेळते, भिंतीला तेलकट डाग पडत नाहीत आणि खोली उगाच ताणल्यासारखी दिसत नाही. गालिचा किंवा सतरंजी टाकणार असाल तर निदान सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर यायला हवेत. मधल्या टेबलाखाली रुमालाएवढा तुकडा तरंगत राहिला की सगळी बैठक विस्कटलेली दिसते. सात फुटी सोफ्याला पाच बाय आठ फुटांची सतरंजी, आठ फुटांची बाजू सोफ्याला समांतर, हे माप बसतं. घरात वयस्कर कोणी असेल तर खाली घसरणरोधक जाळी घालाच. कडा दुमडलेली सतरंजी म्हणजे मोडलेलं खुब्याचं हाड.

आता उजेड. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इतक्या थोड्या पैशांत इतका फरक दुसरी कोणतीच गोष्ट पाडत नाही.

एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो: ६५०० के, ४००० के, ३००० के किंवा २७०० के. हे केल्विन. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर-पांढरा. आकडा लहान तितका पिवळा, ऊबदार. समईच्या ज्योतीचा उजेड दोन हजारांच्या आसपास असतो. आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत सरसकट ६५०० के लावलेला असतो, कारण ‘लख्ख’ दिसतो. दुपारच्या कचेरीला तो ठीक. पण संध्याकाळी बैठकीत त्या उजेडात माणसांचे चेहरे फिके, थकल्यासारखे दिसतात, आणि लाकूड, पितळ, माती यांचा रंग मरतो. बैठक आणि झोपायच्या खोलीत २७०० किंवा ३००० के लावा. स्वयंपाकघर आणि अभ्यासाचं टेबल यांना ४००० के. एकाच खोलीत दोन आकड्यांची सरमिसळ मात्र नको. एक दिवा पिवळा, शेजारचा निळा, असं झालं की डोळ्याला ते सतत खुपत राहतं. खोक्यावर आणखी एक गोष्ट बघा, सीआरआय. रंग किती खरे दिसतात त्याचा हा गुण, शंभरपैकी. साधारण दिव्यांचा ८० असतो. ९० किंवा वरचा मिळाला तर घ्या. साडीचा आणि आमटीचा रंग खरा दिसतो.

दुसरं म्हणजे दिवे किती आणि कुठे. दहा बाय पंधराचा हॉल सुमारे १४ चौरस मीटर होतो. त्याला रोजच्या वावरासाठी दोन ते अडीच हजार लुमेन पुरतात. नऊ वॉटचा चांगला एलईडी बल्ब साधारण नऊशे लुमेन देतो. म्हणजे तीन बल्ब. हे तीनही छताला लावू नका. छताच्या मधोमध असलेला एकच दिवा वरून खाली पडतो, डोळ्यांखाली सावल्या पाडतो आणि खोली सपाट करतो. एक वर राहू द्या, एक सोफ्याच्या कोपऱ्यात उभ्या दिव्यात, एक टीव्हीच्या बाजूला किंवा पुस्तकांच्या कपाटावर टेबल लॅम्पमध्ये. उजेड वेगवेगळ्या उंचीवरून आला की खोलीला खोली येते. मला यमक जुळवायचं नव्हतं, पण खरंच तसं होतं. संध्याकाळी वरचा बंद करून खालचे दोनच लावून बघा. वाचणाऱ्याच्या बाजूला मात्र उजेड भरपूर हवा; साठीच्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो, आणि नातवंडं ‘आजोबा, किती अंधार’ म्हणत नसली तरी आजोबांना तो जाणवतो. टेबल लॅम्पसाठी प्लग जवळ नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून पॉइंट काढून घ्या. सतरंजीखालून वायर नेणं हा उपाय नाही, अपघात आहे.

रंगाकडे येऊ. साठ-तीस-दहा असा एक नियम सजावटवाले सांगतात: खोलीत साठ टक्के एक मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावदार तिसरा. ऐकायला गणित वाटतं. इरकल साडी डोळ्यांसमोर आणा. अंग गडद निळं किंवा हिरवं, ते सर्वात जास्त. काठ लाल, त्याहून कमी. पदराची नक्षी आणि त्यातली पांढरी रेघ सर्वात कमी, पण नजर जाते तिथेच. अंग, काठ, पदर. झाला नियम. खोलीत अंग म्हणजे भिंती आणि मोठं फर्निचर, काठ म्हणजे पडदे आणि सतरंजी, पदर म्हणजे उशा, एखादं चित्र, एखादी रंगीत खुर्ची. फरक इतकाच की साडीत अंग गडद चालतं, लहान खोलीत अंग फिकं ठेवणं सोपं जातं.

रंग कुठून निवडायचे हा प्रश्न असेल तर घरातली एक वस्तू शोधा जी तुम्हाला मनापासून आवडते. साडी, सतरंजी, एखादं चित्र, चिनी मातीची बरणीसुद्धा चालेल. तिच्यातले तीन रंग घ्या. कुठल्या तरी विणकराने, चिताऱ्याने ते एकमेकांशेजारी ठेवून पारखलेले आहेत. ती मेहनत आयती वापरा. कार्डावरून थेट भिंतीवर जाऊ नका. लहान डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर असा तीनदा बघा. मोठ्या भिंतीवर रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, म्हणून दोन छटांमध्ये अडलात तर फिकी घ्या. आणि आपल्याकडच्या गिलाव्याच्या भिंती क्वचितच आरशासारख्या सपाट असतात. चकचकीत रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो, मॅट तो झाकतो. लहान मुलं असतील तर धुता येणारा, किंचित चमकीचा रंग घ्यावा लागतो, ते वेगळं.

पडदे. इथे लोक दोन गोष्टींत कंजुषी करतात, रुंदी आणि उंची. समजा खिडकी पाच फूट रुंद आहे. रॉड खिडकीएवढा नको. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच पुढे जाऊ द्या, म्हणजे साडेसहा फूट. पडदे उघडले की ते भिंतीवर सरकतात, काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी मोठी दिसते. कापडाची रुंदी रॉडच्या दुप्पट हवी, म्हणजे तेरा फूट. तयार पडदा बहुतेक चार फूट रुंद असतो. तीन घेतले तर बारा फूट होतात, थोडे कमी पडतात. म्हणून चार, दोन्हीकडे दोन-दोन. आपण आणतो दोन. ते ओढून घेतले की चादर वाळत घातल्यासारखे ताणलेले दिसतात, आणि मग आपण म्हणतो की पडदा स्वस्तातला होता म्हणून असं झालं. स्वस्तातलं सुती कापड चार पडद्यांत भरदार पडतं; महागडं रेशमी दोन पडद्यांत दरिद्री दिसतं.

उंचीचं असं की रॉड खिडकीच्या चौकटीला खेटून नको, छताच्या जवळ न्या आणि पडदा जमिनीला जेमतेम टेकेल असा सोडा. छत उंच असल्याचा भास होतो. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात. नऊ फुटी घेणार असाल तर आधी पडदे आणा, एक धुऊन बघा, कारण सुती कापड आटतं, आणि मग त्या मापावर रॉडची भोकं पाडा. क्रम उलटा झाला की पडदा घोट्याच्या वर लोंबतो, आखूड पायजम्यासारखा. खिडकीखाली दिवाण किंवा टेबल असेल तर जमिनीपर्यंतचा हट्ट सोडा. भाड्याच्या किंवा बदलीच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक फौजी युक्ती: शिवताना खालची दुमड सहा-सात इंचांची ठेवा. माझ्या पत्नीने पठाणकोटला शिवून घेतलेले पडदे पुढे चार घरांत लागले. प्रत्येक ठिकाणी दुमड उसवायची किंवा वाढवायची. घरात कोणी म्हणायचंच नाही की पडदे जुने आहेत.

भिंतीवर काय लावायचं यापेक्षा कुठे लावायचं यात जास्त लोक अडकतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर यावा, उभ्या माणसाच्या नजरेच्या जवळपास. आपल्याकडे फ्रेमा पंख्याच्या दिशेने चढत जातात, कारण जुन्या घरांत देवादिकांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी उंच, खाली झुकवून लावायचे. त्या तसबिरींचं ठीक आहे, तो मान आहे. निसर्गचित्राला तो मान कशाला? सोफ्याच्या वर लावायचं असेल तर सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच अंतर, आणि चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश. सात फुटी सोफ्यावर दीड फुटाचं एकच चित्र एकटं पडतं. मोठं चित्र नसेल तर चार-सहा लहान एकत्र, मध्ये दोन-तीन इंच ठेवून, म्हणजे तो समूह एका मोठ्या चित्रासारखा दिसतो. खिळा मारायच्या आधी कागद त्या मापाचा कापून भिंतीवर चिकटवा.

हाच समूहाचा नियम स्मृतिचिन्हांना. निवृत्त फौजीच्या घरात युनिटांच्या लाकडी ढाली, चांदीच्या ताटल्या, तलवारीची प्रतिकृती असं बरंच साठतं. शिक्षकांच्या घरात शाली-श्रीफळांबरोबर मिळालेली मानचिन्हं असतात, खेळाडूंच्या घरी चषक. ती घरभर पेरली की प्रत्येक खोली सत्कार समारंभाच्या मंचासारखी दिसते. सगळी एका ठिकाणी आणा. पॅसेजची भिंत किंवा वाचायच्या खोलीचा एक कोपरा. सरळ ओळीत, सारख्या अंतराने. माझ्या ढाली आता दाराजवळच्या पॅसेजमध्ये आहेत आणि पाहुणे तिथे थांबून विचारतात. पूर्वी टीव्हीवर होत्या तेव्हा कोणी बघतही नव्हतं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना मी एक खास सांगेन. तुमच्या आसपास जे हाताने बनतं ते घरात आणा. तामिळनाडूत असाल तर भवानीची पट्ट्यापट्ट्यांची जमक्काळम, धारवाड-हुबळीकडे असाल तर नवलगुंदची सतरंजी, तेलंगणात वरंगळची, उत्तर प्रदेशात मिर्झापूरची. माळव्यात राहणाऱ्याला पांढऱ्यावर लाल-काळ्या ठशांचं बाघचं कापड हाताशी आहे. छत्तीसगडमध्ये बस्तरचं ढोकरा काम, मेणाच्या साच्यातून ओतलेलं. या वस्तू गालिच्यांच्या दुकानातल्या यंत्रावरच्या नकलेपेक्षा बहुधा जास्त टिकतात, सुती सतरंजी धुताही येते, आणि दमट गावात ते फार महत्त्वाचं. त्यांच्याशेजारी आपलं सोलापूरचं चादर-कापड किंवा सावंतवाडीचा लाखकामाचा एखादा तुकडा छान बसतो. मात्र सगळ्या राज्यांचं एम्पोरियम मांडू नका. आमच्याकडे हा मोह मोठा असतो, बदली झाली की एक आठवण. खोलीत दोन किंवा तीन. बाकीच्या पेटीत, आणि सहा महिन्यांनी अदलाबदल. घर नवं वाटतं, खर्च शून्य.

नवरा-बायकोची आवड जुळत नसेल तर वाद सोफ्यावर घालू नका. दोघांनी वेगवेगळे पंधरा-पंधरा फोटो जमवा, आवडलेल्या खोल्यांचे, मग ते मासिकातले असोत, सिनेमातले असोत की कोणा नातेवाइकाच्या घरातले. मग शेजारी ठेवून बघा की काय पुन्हा पुन्हा येतंय. बहुतेक वेळा लक्षात येतं की दोघांना आवडलेलं फर्निचर वेगळं आहे, पण दोघांच्याही फोटोंत खिडकीतून येणारं ऊन आहे, लाकूड आहे आणि रिकामी जागा आहे. एवढं हाती लागलं तरी दुकानात जायच्या आधी अर्ध्या गोष्टी यादीतून गळतात.

पैशांचं एकच सांगतो. जेवढी रक्कम ठरवली असेल तिचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा आणि पहिले सहा महिने त्याला हात लावू नका. घरात राहिल्याशिवाय न कळणाऱ्या गरजा नंतर बाहेर येतात: दाराशी चपलांची जागा, इस्त्रीच्या टेबलाची जागा, बाल्कनीत पावसाळ्यात कपडे वाळवायची सोय. या गोष्टी सुटल्या नाहीत तर उत्तम सजवलेल्या हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर ओले टॉवेल दिसतात. महाग वस्तू कुठे घ्यायची? जिला रोज शरीर टेकतं तिथे: गादी, सोफा, कामाची खुर्ची. शोभेच्या टेबलावर, फुलदाणीवर वाचवलं तरी चालतं.

आणि आई-वडिलांकडून आलेल्या वस्तू. तांब्याचा बंब, परात, वडिलांचं लिहायचं मेज, आत्याचा पाळणा. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही, म्हणून माळ्यावर जातात. त्यांतली एक किंवा दोन निवडा, ज्यांच्याशी तुमचं खरं नातं आहे, आणि त्यांना खोलीतली सर्वात चांगली जागा द्या, मागे मोकळी भिंत, वरून उजेड. शक्य तर कामाला लावा. बंबात छत्र्या आणि काठ्या राहतात, मेजावर लॅपटॉप राहतो, पाळण्याच्या कड्यांना झोपाळ्याची फळी लागते. फक्त छताचा हूक भार पेलेल का हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. बाकीच्या भावंडांना, भाच्यांना विचारा. कोणाला तरी हव्या असतात. तांब्या-पितळेचं मात्र आधी ठरवा. पंधरा दिवसांनी एकदा चिंच-मीठ लावून घासायची तयारी असेल तर बाहेर ठेवा. नसेल तर काळं पडू द्या, तेही वाईट दिसत नाही, पण मग लॅकर मारून सोनेरी चमक आणण्याच्या फंदात पडू नका. दोन-चार पावसाळ्यांत लॅकरला चट्टे पडतात आणि ते काढणं घासण्यापेक्षा जास्त कष्टाचं असतं.